माठ कोण भरतं?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारते. अगदी सोपा. त्यासाठी पुस्तक उघडायला नको की गाईड शोधायला नको. तुमच्या घरी माठ कोण भरतं?

हसू नका! माठातलं पाणी कोण पितं, असं विचारलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी एकदम हात वर केले असते. खेळून आलं की पहिली धाव माठाकडे. पण तो भरतं कोण, कधी भरतं, हे आठवायला जरा थांबावं लागतं, हो की नाही? आमच्या घरीसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. आणि त्यापायी गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर जो प्रसंग आला, तो थोडक्यात निभावला म्हणून बरं! तीच हकिगत आज सांगणार आहे.

आजोळची सुट्टी

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं एक छोटंसं गाव. दरवर्षी मे महिन्यात मी माझ्या दोन मुलांना घेऊन तिथे जाते. मोठा मुलगा नववीत, धाकटी सहावीत. तिकडे माझ्या भावाची दोन मुलं त्यांच्याच वयाची. चौघं एकत्र आली की घराचं काय होत असेल, ते तुम्हाला सांगायला नको!

विदर्भातला उन्हाळा म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यांनाच कळतं. तिथल्या शाळासुद्धा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस म्हणजे ‘नवतपा’. या दिवसांत दुपारी बारानंतर गावात चिटपाखरू दिसत नाही. रस्त्यावरून वाफा निघताना दिसतात. अंगणातल्या नळाच्या तोटीला हात लावला तर चटका बसतो. कुत्री मोरीच्या ओलीत जाऊन पडतात. बाहेर निघायचंच असेल तर डोक्याला, कानाला पांढरा दुपट्टा घट्ट बांधून निघायचं.

आणि घरातल्या कटकटी? त्यांना तर अंतच नाही. कुणाच्या पाठीवर घामोळं उठलंय. कुणाचा नाकाचा घोळणा फुटलाय आणि तो मान खाली घालून बसलाय. कुणाला उन्हाळी लागलीय. रात्री लाईट गेली की सगळ्यांच्या हातात पुठ्ठे. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे पाच ते साडेसहा. आणि सगळ्यात मोठं भांडण म्हणजे कूलरसमोरच्या जागेचं! कूलर एक आणि अंथरुणं नऊ. आमच्या पोरांनी तर खडूने फरशीवर रेघा मारून हद्दी आखल्या होत्या. एकाची टाच दुसऱ्याच्या हद्दीत गेली की युद्ध सुरू!

त्या भांडणात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. खडूच्या रेघांत मुलांची नावं होती, आजी-आजोबांची होती, मामांचं होतं, माझंही होतं. मामीचं नाव कुठेच नव्हतं. ती दुपारी आडवी होते तरी कुठे, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

माठाची जादू

पुढची गोष्ट सांगण्याआधी माठ पाणी गार कसं करतो ते बघू. कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

माठ मातीचा. भट्टीत भाजला तरी त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं आणि माठ बाहेरून ओलसर होतो. या ओलीची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता हे पाणी माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतं. म्हणून आतलं पाणी गार पडतं.

किती गार? आता थोडं गणित. एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करायचं तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते किती उष्णता घेऊन जातं? सुमारे ५८० कॅलरी! म्हणजे एक पेला पाणी उडालं तर ५८ पेले पाणी १० अंशांनी गार होईल एवढी उष्णता गेली. प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही माठात शिरत असते, म्हणून हिशेब इतका नेमका जमत नाही. पण जादू हीच!

आता तुम्हाला बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल. माठ तिवईवर, वाऱ्याच्या वाटेवर का ठेवतात? वारा लागला की वाफ लवकर होते. त्याला ओलं फडकं का गुंडाळतात? ओल वाढावी म्हणून. जुना माठ पाणी गार का करत नाही? पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात म्हणून. आणि मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरात माठ विदर्भाइतका गार का पडत नाही? तिथल्या हवेतच आधी भरपूर बाष्प असतं. वाफ व्हायला जागाच कमी!

कूलरसुद्धा विजेवर चालणारा माठच. ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून पंखा हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. म्हणून कूलर लावताना समोरची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवायची. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर थोड्या वेळाने गारवा जातो आणि नुसता चिकचिकाट उरतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कूलरचा प्लग काढल्याशिवाय त्यात पाणी भरायचं नाही आणि ओल्या हातापायांनी लोखंडी कूलरला शिवायचं नाही. विजेचा झटका लहानमोठा बघत नाही.

आणि आणखी एक माठ आहे. तो म्हणजे तुम्ही स्वतः! आपलं शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहायला हवं. बाहेर ४५ अंश असले तरी! हे कसं जमतं? घामाने. कातडीवर घाम येतो, त्याची वाफ होते आणि अंग गार राहतं. अगदी माठासारखं. पण माठात पाणीच नसेल तर? कोरडा माठ नुसता तापतो.

हे वाक्य लक्षात असू द्या. कोरडा माठ नुसता तापतो.

कुरडयांचा दिवस

उन्हाळा त्रास देतो, तसा कामालाही येतो. वर्षभराच्या पापड-कुरडया, सांडगे, शेवया याच उन्हात होतात. कडक ऊन पदार्थातलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी नसलं की बुरशीला वाढता येत नाही. म्हणून मे महिन्यात केलेली कुरडई पुढच्या वर्षीच्या संक्रांतीलाही खुसखुशीत तळली जाते.

पण तिच्यामागे कष्ट किती! गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटायचे, पिळून, गाळून पांढराशुभ्र चीक काढायचा. तो रात्रभर ठेवला की खाली बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, मीठ-हिंग घालून तो शिजवायचा. सारखं ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग गरम गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. गार झाला की सोऱ्या दाबून दाबून हात भरून येतात.

तुम्ही कधी शिजवलेला चीक खाल्लाय? वर तूप, साखर आणि थोडं दूध! आमची चौघं वाट्या घेऊन चुलीभोवती बसली होती. मामी पहाटे चारपासून चुलीपाशी होती. पाहुणे आलेत म्हणून यंदा दुप्पट गहू भिजवले होते. नऊ वाजता पहिला घाणा संपला. मग सगळ्यांचा नाष्टा. मग दुसरा घाणा. मध्येच आजोबांचं औषध, मामांचा डबा. मुलांचं काम वाळवण राखायचं. ते गच्चीच्या जिन्यात सावलीला बसून कावळे हाकत होते आणि अर्ध्या ओल्या कुरडया हळूच तोंडात टाकत होते. आणि मी? मी माहेरवाशीण! आठ-दहा कुरडया घालून ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. खोटं कशाला सांगू?

दोन वेळा मी मामीला म्हटलंही, “बस ना आता जरा.” ती म्हणाली, “बसते ना, एवढं झालं की.”

दुपारी एकच्या सुमारास माझी धाकटी पाणी प्यायला खाली आली. माठ रिकामा होता. ती स्वयंपाकघरात गेली. मामी भिंतीला टेकून उभी होती. “मामी, पाणी संपलं,” असं म्हणून धाकटीने तिच्याकडे बघितलं आणि तशीच धावत ओसरीवर आली. “आई, मामी कशीतरीच करतेय. भातात दोनदा मीठ घातलं तिने. आणि मला ताईच्या नावाने हाक मारतेय.”

मी आत पोचेपर्यंत मामी खाली बसली होती. चेहरा पांढराफटक. सगळं अंग घामाने भिजलेलं. पोटऱ्यांत गोळे आलेले. उठायला गेली तर तिला भोवळ आली आणि उलटी झाली.

“पाणी कधी प्यालीस?”

आम्ही सगळेच घाबरलो. आजी कांदा फोडून आणायला निघाली. कुणी म्हणे चहा द्या, कुणी म्हणे झोपवा. पण आमच्या थोरल्याने शाळेत ऐकलेलं त्याला आठवलं. त्याने तिला चुलीपासून उचलून न्यायला लावलं, आजोबांच्या खोलीत कूलरसमोर. पायाखाली उशी ठेवली. मुलांनी टॉवेल भिजवून आणले. मानेवर, काखेत, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या आणि दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला. बघा, माठाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवतात ना? तेच!

तेवढ्यात मामांनी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन केला. त्या दहा मिनिटांत आल्या. त्यांनी ताप बघितला, नाडी बघितली, मामीला तिचं नाव विचारलं, वार विचारला. तिने बरोबर सांगितलं तेव्हा त्यांनाही हायसं वाटलं. मग त्यांनी मीठ-साखर-पाणी करायला सांगितलं आणि ते घोट घोट पाजलं. तासाभराने मामीच्या चेहऱ्यावर रंग आला.

तेव्हा धाकटीने विचारलं, “मामी, तू सकाळपासून पाणी कधी प्यालीस?”

मामी आठवू लागली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. पहाटे चहा घेतला होता. मग... मग काही नाही. “पिणारच होते,” ती म्हणाली. “म्हटलं, सगळ्यांचं झालं की प्यावं.”

दोस्तांनो, त्या खोलीत आम्ही आठजण होतो. आठांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. त्या दिवशीचा माठ आम्ही आठांनी मिळून रिकामा केला होता. पहाटे तो मामीनेच भरला होता.

मग आजी म्हणाली, “आमच्या टायमाले दिवसा बाहेर जायची सोय होती काय, बाई? अंधार पडल्याशिवाय जाताच येत नव्हतं. मंग पानीच कमी पेयाचं. तीच सवय पडली बायांले.” आता घरी संडास आहे. पण तो परसाच्या टोकाला, भर उन्हात. हातातलं काम टाकून कोण जाईल? त्यापेक्षा पाणीच नको!

सिस्टर म्हणाल्या, “दर उन्हाळ्यात मी हेच बघते. शेतात उन्हात राबणाऱ्यांना ऊन लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण चुलीपुढेही ऊन लागतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.”

पेपरात न छापलेलं तापमान

त्यांचं हे वाक्य थोरल्याच्या डोक्यात बसलं. त्याच्याकडे भिंतीवर लावायचा एक तापमापक होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तो आधी ओसरीवर टांगला. पारा ४१वर. मग स्वयंपाकघरात, चुलीपासून चार हात दूर. अर्ध्या तासात पारा ४५च्या वर!

तुम्हाला ठाऊक आहे का, बातम्यांत जे तापमान सांगतात ते सावलीतलं असतं. हवामान खात्याचे तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेले असतात. त्यांच्यावर ऊन पडत नाही, पण वारा खेळता राहतो. भारतात राजस्थानातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. तेही सावलीतलंच! मग पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात, पेटत्या चुलीपुढे किती असेल? ते कुठल्याच पेपरात छापून येत नाही. ते घरच्यांनीच ओळखायचं असतं.

एक लिटर पाणी, सहा चमचे साखर

सिस्टरनी सांगितलेलं मीठ-साखर-पाणी तुम्हीही शिकून ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. नीट ढवळा. झालं! मीठ जास्त टाकायचं नाही, ते घातक ठरू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

नुसतं पाणी का नाही? घामाबरोबर मीठही जातं म्हणून. आणि साखर कशाला? साखर आणि मीठ बरोबर असले की आतडी पाणी जास्त चटकन शोषून घेतात. दिसायला किती साधी गोष्ट! पण तिने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून भरून ठेवलं आणि घरच्याच माणसांना ते रोग्यांना पाजायला सांगितलं. हजारो माणसं वाचली. २०२२ साली डॉक्टर गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आणि गंमत बघा! आपल्या आजीचं कैरीचं पन्हं म्हणजे काय? पाणी, गूळ, चिमूटभर मीठ आणि उकडलेली कैरी. मोजमाप वेगळं, पण आजीला रस्ता सापडलाच होता की! ताक, आंबील, लिंबाचं सरबत ही सगळी याच कुळातली. कांद्याचं मात्र तसं नाही. जेवणात कांदा अवश्य खा. पण कांदा खिशात ठेवला म्हणून ऊन लागायचं राहत नाही. पाण्याचं काम पाण्यानेच होतं.

आणखी एक, हे आईबाबांनाही वाचून दाखवा. मामीला झालं ते ऊन लागण्याची पहिली पायरी होती. दुसरी पायरी फार वाईट. अंग चटक्यासारखं तापतं, माणूस असंबद्ध बोलतो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध होतो. मग घरगुती उपायांत एक मिनिटही घालवायचं नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरातला नवा कायदा

त्या संध्याकाळी चौघं मुलं जिन्यात बसून बराच वेळ कुजबुजत होती. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी एक कागद आणून दाराला चिकटवला. वर लिहिलं होतं, ‘पाणीखातं’.

आधी हिशेब होता. घरात माणसं ९. उन्हाळ्यात माणशी निदान ३ लिटर पाणी. म्हणजे रोज २७ लिटर. माठात मावतं १५ लिटर. म्हणजे माठ दिवसातून दोनदा भरायला हवा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे एकटी मामी रोज जवळजवळ तीस किलो पाणी उचलून माठात ओतत होती, तेही फक्त पिण्याचं!

खाली वार आणि पाळ्या. माठ रात्री झोपताना एकदा भरायचा, म्हणजे पहाटेपर्यंत गार. दुपारी साडेअकराला दुसऱ्यांदा. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून काथ्याने घासायचा, साबण लावायचा नाही. नळ येईल त्या पहाटे दोघांनी उठायचं. कुरडया पहाटेच घालायच्या, आठच्या आत चूल बंद. मामांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘चीक ढवळणे’. मामा आधी “मला कुठे येतं?” म्हणाले. आजीने एक नजर टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा चुलीपुढे! पहिल्या घाण्यात गुठळ्या झाल्या. पण त्या आम्ही मुकाट्याने खाल्ल्या, बरं का! माझ्या नावापुढे सोऱ्या होता. आणि परसातल्या वाटेवर मामांनी दोन दिवसांत तुराट्यांचा मांडव घातला.

मामीच्या नावापुढे एकच काम होतं. धाकटीने एका तांब्याला लाल दोरा बांधला होता. तो तांब्या फक्त मामीचा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला तो भरून तिच्या हातात द्यायचा आणि रिकामा झाल्यावरच परत न्यायचा.

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका! तिसऱ्याच दिवशी थोरला आपली पाळी विसरला आणि भर दुपारी सगळ्यांना टाकीचं कोमट पाणी प्यावं लागलं. त्याला जी बोलणी बसली! मामी मध्येच म्हणाली, “अरे, राहू द्या, मी भरते.” तर चारही मुलं एकदम ओरडली, “नाही!”

मामीलाही सवय व्हायला वेळ लागला. तांब्या समोर आला की ती म्हणायची, “ठेव तिथे, पिते मग.” पण धाकटी काही हलायची नाही. “मग नाही, आत्ता.” हळूहळू मामीला त्याची मजा वाटू लागली. आणि फरशीवरच्या खडूच्या रेघा पुसून पुन्हा आखल्या गेल्या. या वेळी नऊ चौकोन. कूलरच्या अगदी समोरचा चौकोन दुपारी दोन ते चार मामीचा. पहिल्या दिवशी तिला तिथे झोपच येईना. म्हणाली, “कसंतरीच वाटतं बाई, सगळे जागे नि मी झोपलेली.” चौथ्या दिवशी मात्र ती घोरत होती!

पाणी असलं तरच

एवढं सगळं करता आलं, कारण आमच्या गावी एक दिवसाआड का होईना, नळाला पाणी येत होतं. सगळीकडे तेवढंही नसतं. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी आजोबा अजून सांगतात. आणि २०१६ साली तर लातूर शहराला रेल्वेने पाणी द्यावं लागलं. मिरजेहून निघालेली १० वाघिणींची पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली, तेव्हा तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. मोठी गाडी! पण भागिले करून बघा. माणशी ३ लिटर धरलं तर पावणेदोन लाखांहून कमी माणसांचं एका दिवसाचं पिण्याचं पाणी. आंघोळ नाही, भांडी नाही, धुणं नाही.

म्हणून पेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतताना थांबा. दारातल्या तुळशीला घाला. गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात चिमण्यांसाठी ठेवा. कुणीतरी ते पाणी डोक्यावरून आणलेलं असतं. आणि बहुतेक घरांत आणणारं माणूसच ते सगळ्यांच्या शेवटी पितं.

आमच्या निघायच्या आदल्या रात्री लाईट गेली. सगळे गच्चीवर सतरंज्या टाकून पडलो होतो. वर चांदण्या, कुठूनतरी मोगऱ्याचा वास. पाळी भावाच्या धाकट्याची होती. अंधारात चाचपडत तो माठाचं पाणी घेऊन वर आला. आजोबांनी सवयीने हात पुढे केला. तो म्हणाला, “थांबा आजोबा, आधी आई.”

मामी काही बोलली नाही. तिने तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याली.

मग मित्रांनो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर शोधणार ना? उद्या एक दिवस नुसतं बघा. तुमच्या घरी माठ कोण भरतं, आणि सगळ्यांच्या शेवटी पाणी कोण पितं. कुणाला काही विचारू नका. बघून झालं की रात्री झोपण्याआधी उठा आणि माठ भरा.